लोकर, सुई आणि गोदातीरचीं पांखरें

दिवाळी सरली, खरिपाचीं पिकें घरांत आलीं आणि रानें मोकळीं झालीं, म्हणजे गोदावरीच्या उत्तरतीरीं अंबड तालुक्यांत मेंढरांचे कळप उतरूं लागतात. अंतरवाली सराटी हें त्याच तालुक्यांतील, जालना जिल्ह्यांतील एक खेडें. मोकळ्या रानांत मेंढ्या बसवून जमिनीला खत देण्याची चाल या काळ्या मातीच्या मुलखांत फार जुनी आहे. धनगराला चारा व धान्य मिळतें, शेतकऱ्याला लेंडीखत मिळतें आणि दोघांचाहि व्यवहार कागदापेक्षां शब्दावर अधिक चालतो. या व्यवहारांत पूर्वीं तिसरी एक वस्तु मोलाची होती. ती वस्तु म्हणजे लोकर. आज दख्खनच्या पुष्कळ भागांत कातरलेली लोकर बांधाच्या कडेला टाकून दिलेली आढळते, कारण ती विकून कातरणावळहि सुटत नाहीं. ज्या वस्तूनें शेंकडों वर्षें शेतकऱ्याचा पाऊस आणि मेंढपाळाची थंडी अंगावर घेतली, तिच्यावर ही पाळी कां यावी? आणि त्याच लोकरीपासून एका सुईच्या साह्यानें चिमणी, टिटवी, ससा अशा आकृति घडविण्याची जी नवी हस्तकला हल्लीं देशोदेशीं शिकविली जाते, तिचा या टाकलेल्या लोकरीला कांहीं उपयोग आहे काय? हे प्रश्न वरवर पाहतां छंदाचे दिसतात. तथापि त्यांचीं मुळें इतिहासांत आहेत आणि त्यांचा संबंध पुष्कळांच्या पोटाशीं आहे.

सराटा म्हणजे गोखरूचें कांटेरी फळ. गांवाच्या नांवाची व्युत्पत्ति कांहींहि असो, सराटा, कुसळ आणि मेंढी यांचें वैर या भागांतील प्रत्येक गुराख्याला ठाऊक असतें. माळावरून चरून आलेल्या मेंढीच्या अंगांत सराटे आणि गवताचीं कुसळें अडकून बसतात. तीं पिंजणाऱ्याला वेंचून काढावीं लागतात आणि त्यांमुळें लोकरीची किंमत उतरते. परंतु लोकर न विणतां तिचें वस्त्र कसें होतें, हें समजून घ्यावयाचें असेल, तर या कुसळासारखा दुसरा शिक्षक नाहीं. कुसळ धोतराच्या काठांत एकदां शिरलें, कीं तें पुढें सरकतें, मागें येत नाहीं. खेड्यांतील मुलें गव्हाची ओंबी सदऱ्याच्या बाहींत घालून हात हलवितात आणि ती आपोआप खांद्याकडे चढत गेलेली पाहून हंसतात. कुसाचे बारीक दांते एकाच दिशेला वळलेले असतात, म्हणून असें घडतें. लोकरीच्या केसाची रचनाहि याच जातीची आहे. सूक्ष्मदर्शकांतून पाहिल्यास त्या केसावर घराच्या कौलांप्रमाणें एकावर एक बसविलेले खवले दिसतात, आणि त्या सर्वांचीं तोंडें केसाच्या शेंड्याकडे असतात. ऊन पाणी, साबण आणि दाब यांचा मारा झाला, म्हणजे प्रत्येक केस मुळाच्या दिशेनें सरकूं लागतो, शेजारच्या केसांत गुंततो आणि पुन्हां मागें फिरूं शकत नाहीं. असे लक्षावधि केस एकमेकांत गुंतले, कीं जो घट्ट थर तयार होतो, त्यालाच नमदा म्हणावयाचें. त्यांत ताणा नसतो, बाणा नसतो, मागाची आवश्यकताहि नसते.

याच जिल्ह्यांत कापूस अमाप पिकतो. पिंजारी एकाच पिंजणानें कापूसहि पिंजतो आणि लोकरहि पिंजतो. पण कापसाचा तंतु चपटा आणि पिळलेला असून त्याच्यावर खवले नसतात, म्हणून ऊन पाण्यांत कितीहि तुडविला, तरी त्याचा नमदा होत नाहीं. उलट लोकर स्वस्थ ठेवली, तरी संधि मिळतांच गुंतते. पावसांत भिजलेल्या मेंढीच्या पोटाखालीं लोकरीच्या गांठी वळतात, त्या या कारणानेंच. मनुष्याच्या केसांत तेलफणीवांचून जी जट होते, तिच्यांतहि हाच प्रकार थोड्याबहुत अंशानें घडतो. सारांश, नमदा ही मनुष्यानें शोधून काढलेली वस्तु नव्हे. निसर्गांत ती पूर्वींपासून होत होती आणि मनुष्यानें ती ओळखली, एवढेंच.

ही ओळख प्रथम कोणत्या देशांत झाली, याविषयीं अनेक आख्यायिका आहेत. युरोपांत संत क्लेमेंट याची गोष्ट सांगतात. प्रवासांत पाय पोळूं नयेत म्हणून त्यानें जोड्यांत लोकर भरली, आणि घाम व चाल यांच्या योगें प्रवासाअखेर तिचा नमदा झालेला त्याला आढळला. टोपी करणारे लोक त्याला आपला संत मानीत आले आहेत. परंतु क्लेमेंट हा ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांतील, आणि नमदा त्याच्या कित्येक शतकें आधींचा आहे. मध्य आशियांतील अल्ताई पर्वतांत पाझिरिक नांवाचें ठिकाण आहे. तेथील जुन्या राजपुरुषांच्या समाधींत पाणी शिरून गोठलें आणि त्या बर्फामुळें आंतील कापड, कातडें व लाकूड टिकून राहिलें. रशियन पुराणवस्तुसंशोधक सर्गेइ रुदेन्को यानें १९४७ ते १९४९ या वर्षांत त्यांतील समाधि उकरल्या. पांचव्या समाधींत चित्रें जडविलेला नमद्याचा एक प्रचंड पडदा मिळाला, आणि त्याच्याबरोबर नमद्याचे चार हंस मिळाले. हे हंस सुमारें तेवीस-चोवीसशे वर्षांपूर्वींचे आहेत. त्यांच्या माना वळलेल्या, अंग पांढरें, चोंच व पंखांचीं टोंकें वेगळ्या रंगाचीं आहेत. ते सेंट पीटर्सबर्ग येथील हर्मिटाज संग्रहालयांत ठेविलेले आहेत.

या हंसांकडे थोडें थांबून पाहण्यासारखें आहे. ते करणाऱ्या कारागिराजवळ आजची दांतेदार सुई नव्हती. त्यानें नमदा पाण्यानें मळून केला, तो कापून शिवला आणि आंत भरताड घालून उभा केला. परंतु कशाची आकृति करावी, याविषयीं त्याला कोणाला विचारण्याची गरज पडली नाहीं. मध्य आशियांतील तळ्यांवर जे हंस तो पाहत होता, तेच त्यानें आपल्या मेंढ्यांच्या लोकरींत उतरविले. साधन बदललें, काळ बदलला, तरी या कलेचें मूळ सूत्र तेंच राहिलें आहे : जवळची लोकर आणि जवळचें पांखरूं.

भारतवर्षांत लोकरीच्या वस्त्राची परंपरा अशीच प्राचीन आहे. 'कंबल' हा शब्द अथर्ववेदांत येतो. बुद्धाच्या समकालीन विचारवंतांत अजित केशकंबली याचें नांवच त्याच्या केसांच्या कांबळ्यावरून पडलें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत राजकोशांत ठेवण्याजोग्या वस्तूंमध्यें लोकरी वस्त्रांची यादी दिली असून तिच्यांत 'तुरगास्तरण', म्हणजे घोड्याच्या पाठीवर घालावयाचें वस्त्र, याचा निर्देश आहे. पुढें मुसलमानी अमदानींत फारशी 'नमद' हा शब्द या देशांत रुळला आणि मराठींत तो 'नमदा' झाला. अबुल फज़ल याच्या आइने-अकबरींत काबुल व इराणहून येणाऱ्या आणि या देशांतहि होणाऱ्या नमद्यांचा उल्लेख आहे. काश्मिरांत नमद्यावर रंगीत भरतकाम होऊं लागलें. कच्छांत पिंजारा व मन्सुरी लोकांनीं, आणि राजस्थानांत टोंक येथील कारागिरांनीं, रंगीत लोकरीच्या नक्षीचे नमदे करण्याचा धंदा वाढविला.

दख्खनमध्यें याच वस्तूला 'बुरणूस' हें नांव होतें, आणि कोल्हापूर व त्याला लागून असलेल्या कर्नाटकाच्या भागांत 'जेन' या नांवानें ती ओळखली जाते. पिंजलेली लोकर चटईवर थराथरानें पसरावयाची, पाणी शिंपावयाचें, चटईसकट तिची वळकटी करावयाची आणि ती हातांनीं व पायांनीं तासन्‌तास लोटीत राहावयाचें, हीच त्याची कृति. या कामांत पिंजारी लोक निष्णात होते. घोडदळाच्या काळांत या जाड, मऊ आणि घाम शोषणाऱ्या वस्तूला मोठें महत्त्व होतें. घोड्याची पाठ सोलली गेली, तर स्वार पायदळांत जमा व्हावयाचा ! म्हणून खोगिराखालीं जें घालावयाचें, तें चांगलें असणें ही केवळ शोभेची बाब नव्हती. 'खोगीरभरती' हा शब्द आज निरुपयोगी गर्दीला लावतात. चिंध्याचांध्यांनीं भरलेलें खोगीर आणि चांगल्या लोकरीचा नमदा यांतील अंतर ज्यांना रोज कळत होतें, अशा घोडेस्वारांच्या भाषेंतून तो आला आहे.

मराठवाड्याच्या कलाकौशल्याचें नांव निघालें, म्हणजे पैठणी आणि हिमरू यांची आठवण होते. रेशीम आणि जर यांच्या तेजापुढें काळ्या घोंगड्याकडे कोणाची नजर जात नाहीं. तथापि गांवोगांवच्या माणसांचें नित्याचें वस्त्र पैठणी नव्हतें, घोंगडें होतें. तें पावसांत इरल्याप्रमाणें डोक्यावर येई, रात्रीं अंथरूण होई, खळ्यावर धान्य वाहण्यास उपयोगी पडे आणि पाहुण्याला बसावयास घालण्याच्या कामीं येई. धनगरांतील खुटेकर आणि विणकरांपैकीं सणगर यांचा हा पिढीजाद धंदा. मेंढ्या वर्षांतून दोनदां कातरावयाच्या, लोकर पिंजावयाची, बायकांनीं ती कांतावयाची, सुताला चिंचोक्याची खळ द्यावयाची आणि खड्ड्याच्या मागावर तें विणावयाचें, असा या कामाचा क्रम असे. कोंकराच्या पहिल्या कातरणीची लोकर सर्वांत मऊ असते. तिला जावळ म्हणतात आणि जावळाच्या घोंगडीला नेहमींच अधिक किंमत आली.

या लोकांचा इतिहास पोथ्यांतून थोडाच सांपडतो. तो त्यांच्या देवस्थानांतून आणि ओव्यांतून सांपडतो, हें जर्मन पंडित गुंथर सोंथायमर यांनीं दाखवून दिलें. धनगरांबरोबर हिंडून त्यांनीं बिरोबा, म्हसकोबा व खंडोबा या देवांवरील आपला ग्रंथ १९७६ सालीं प्रसिद्ध केला. श्री. रा. चिं. ढेरे यांनीं १९८४ च्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथांत पंढरीच्या विठ्ठलाचें मूळहि गोपजनांच्या देवतेंत शोधलें. अहिल्याबाई होळकर याहि अशाच एका धनगर घराण्यांत, चौंडी गांवीं, १७२५ सालीं जन्मल्या. इंदूरची गादी सांभाळून त्यांनीं काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट व मंदिरें बांधलीं. मेंढरांमागें चालणारा समाज इतिहासाच्या बाहेर होता, ही समजूत किती चुकीची आहे, हें एवढ्यावरून दिसून येईल.

मग लोकरीला ही उतरती कळा कां लागली? त्याचें एकच एक कारण सांगतां येत नाहीं. घोडदळें गेलीं, त्याबरोबर बुरणुसाचें मुख्य गिऱ्हाईक गेलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग जालन्यावरून सुरू झाला. त्यानें येथील कापूस बाहेर नेला आणि गिरणीचें कापड आंत आणलें. पुढें पानिपतकडील जुन्या लोकरीच्या चिंध्यांपासून केलेलीं स्वस्त ब्लँकेटें आलीं, आणि त्यांच्यामागून कृत्रिम धाग्याचीं, हलकीं, भडक रंगाचीं पांघरुणें आलीं. प्लॅस्टिकच्या कागदानें घोंगडीचें पावसाळ्यांतील काम हिरावून घेतलें. निजामाच्या राज्यांतला हा मुलूख सप्टेंबर १९४८ मध्यें भारतांत विलीन झाला, १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्राचा भाग झाला आणि १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्यें पालटलीं, परंतु बाजाराची ही दिशा पालटली नाहीं.

दुसरें कारण मेंढीच्याच ठिकाणीं आहे. दख्खनी मेंढी काटक, लांब चालणारी आणि दुष्काळ सोसणारी आहे. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी व कोल्हापुरी अशा तिच्या पोटजाती सांगतात. पण तिची लोकर राठ, आंखूड आणि केसमिश्रित असते. वर्षांतून दोनदां कातरूनहि एका मेंढीमागें किलोभर लोकर क्वचितच मिळते. मेरिनो मेंढीच्या रेशमासारख्या लोकरीशीं तिची तुलना होऊं शकत नाहीं, आणि काळी असल्यामुळें ती रंगवितांहि येत नाहीं. इकडे मटणाची मागणी वाढत गेली, तेव्हां पैदाशीचें सर्व लक्ष वजनाकडे व जुळ्या कोंकरांकडे वळलें. त्यांत धनगराची चूक नाहीं. ज्या मालाला भाव आहे, तोच माल तो वाढविणार. राजस्थानांत अविकानगर येथें १९६२ सालीं मेंढी व लोकर संशोधनाची केंद्रीय संस्था निघाली, महाराष्ट्रांतहि मेंढी-शेळी विकासाचें महामंडळ निघालें. तथापि राठ लोकरीला गिऱ्हाईक कोठून आणावयाचें, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

अशा वेळीं सुईची कथा ऐकण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील कारखानदारांना राठ व टाकाऊ तंतूंपासून स्वस्त जाड पट्ट्या करावयाच्या होत्या. पाण्यानें मळण्याचा खटाटोप टाळण्यासाठीं त्यांनीं एका फळीला अनेक सुया बसविल्या. या सुयांना नाकें नव्हतें. त्यांच्या तिकोनी अंगाच्या कडांवर खालच्या दिशेला वळलेले बारीक दांते होते. फळी खालीं येई, तेव्हां ते दांते वरचे तंतु ओढून खालच्या थरांत नेत. फळी वर जाई, तेव्हां दांते रिकामे परत येत आणि तंतु तेथेंच राहत. कुसळाचीच युक्ति ही. फक्त ती यंत्रांत बसविली गेली. या रीतीनें ज्यूटचा आणि कृत्रिम धाग्यांचाहि नमदा होऊं लागला. आजच्या मोटारींच्या आंतील अस्तरें, गालिचांखालील थर आणि कारखान्यांतील गाळणीचें कापड या यंत्रांवरच होतात.

यंत्रांतील ती सुई हातांत येण्यास मात्र शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत डेव्हिड व एलेनॉर स्टॅनवूड या दांपत्यानें १९८० नंतरच्या दशकांत कारखान्यांतील एकच सुई हातांत धरून लोकरीला आकार देऊन पाहिला. त्यांच्याकडून ही रीति आयाला तालपाइ या बाईंनीं घेतली, तिच्यावर पुस्तक लिहिलें आणि ती इतरांना शिकविली. पुढें जपानपासून युरोपपर्यंत ती पसरली. येथें इतिहासाचा एक नेहमींचा क्रम उलटा झालेला दिसतो. हाताचें काम यंत्रानें हिरावून घेतल्याचीं उदाहरणें शेंकडों आहेत. यंत्राच्या पोटांतील एक भाग हातानें उचलून आपलासा केला, असें उदाहरण विरळा.

ही कला शिकण्यास साहित्य फार लागत नाहीं. बोटभर लांबीची दांतेदार सुई, पिंजलेली लोकर आणि खालीं ठेवण्यासाठीं धान्यानें भरलेली गोणपाटाची पिशवी एवढ्यावर काम भागतें. सुया क्रमांकावरून ओळखतात. ३६ क्रमांकाची सुई जाड, ३८ ची मध्यम आणि ४० ची बारीक. पहिला आकार जाड सुईनें द्यावयाचा आणि पृष्ठभाग बारीक सुईनें साफ करावयाचा. नवशिक्याला प्रथम गोळा करावयास देतात. लोकर घट्ट गुंडाळून ती फिरवीत फिरवीत सर्व बाजूंनीं टोंचीत गेलें, कीं फुगीर पुंजका आकसतो आणि निम्म्याहून लहान, कठीण होतो. सुई ज्या रेषेंत आंत गेली, त्याच रेषेंत ती बाहेर काढावी लागते. आंत असतांना तिरपी केली, कीं ती मोडते. लक्ष दुसरीकडे गेलें, तर ती बोटांत शिरते. म्हणून लहान मुलांच्या हातीं ती देतांना वडील माणूस जवळ असणें अवश्य आहे. उतावळेपणाला या कामांत जागाच नाहीं. जेथें कमी टोंचलें, तेथें आकार ढिला राहतो. जेथें अधिक टोंचलें, तेथें खळगा पडतो. मात्र खळग्यांत लोकरीची आणखी एक चिमूट ठेवून तो भरतां येतो. दगडाच्या मूर्तींत गेलेली चूक परत येत नाहीं, लोकरींत येते. शिकणाराच्या दृष्टीनें ही मोठीच सोय आहे.

आतां खरा प्रश्न येतो तो हा, कीं या सुईनें करावयाचें काय? शहरांतून जें साहित्य विकत मिळतें, त्यांत बहुधा परदेशची मऊ, रंगीत लोकर असते आणि नमुने असतात कोल्ह्याचे, पेंग्विनाचे, बर्फांतल्या अस्वलाचे. तें करून हात वळतो, यांत शंका नाहीं. परंतु डोळा शिकत नाहीं, कारण पेंग्विन समोर नसतो आणि चित्र पाहून चित्र करावें लागतें. पाझिरिकच्या कारागिरानें हंस पाहून हंस केला होता. त्याच न्यायानें अंबड तालुक्यांतील मुलानें काय करावें, हें सांगण्यास ग्रंथ लागत नाहीं.

टिटवीच घ्या. तिचें डोकें, गळा आणि छाती काळी, डोळ्यापासून मानेवरून उतरणारा पट्टा व पोट पांढरें, पाठ तपकिरी. दख्खनी मेंढीच्या लोकरींत काळा, तपकिरी, करडा आणि पांढरा हे रंग मुळांतच आहेत. म्हणजे टिटवीचें बहुतेक सर्व अंग रंगाच्या थेंबावांचून होतें. राहिला चोंचीजवळचा तांबडा पडदा आणि पिवळे पाय. तेवढ्यापुरती पांढरी लोकर लाखेच्या रंगांत आणि हळदींत बुडविली, म्हणजे झालें. ज्या काळेपणामुळें बाजारानें ही लोकर नाकारली, तोच काळेपणा येथें गुण ठरतो. तसेंच तिचें राठपण. सुईकामांत आंतील गाभ्याला राठ लोकरच सोयीची असते, कारण ती लौकर धरते आणि आकार सोडीत नाहीं. वरच्या पातळ थराला जावळाची लोकर वापरावी. पळसाचीं फुलें केशरी-पिवळा रंग देतात, तुरटीबरोबर उकळलेली डाळिंबाची सालहि पिवळी छटा देते. लोकर हे रंग कापसापेक्षां अधिक सहज घेते.

परंतु टिटवी करावयाची, तर प्रथम ती पाहावी लागते. ती उघड्या जमिनीवर खड्यांच्या मधोमध अंडीं घालते, आणि त्या अंड्यांचा रंग खड्यांसारखा असल्यामुळें तीं पायाखालीं येईपर्यंत दिसत नाहींत. तिनें अंडीं उंचवट्यावर घातलीं कीं सखल जागीं, यावरून शेतकरी पावसाचा अंदाज बांधतात. तो खरा किती निघतो, हा प्रश्न वेगळा. पण त्यासाठीं शेतकऱ्याच्या कित्येक पिढ्या टिटवीकडे लक्षपूर्वक पाहत आल्या, हें निर्विवाद आहे. विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारें सुगरणीचें घरटें तर स्वतःच एक विणकाम आहे. गवताच्या पात्या चिरून नर तें विणतो आणि त्यांत चिखलाचे गोळे लावतो. जमिनीवर पडलेलें असें घरटें हातांत घेऊन पाहणाऱ्या मुलाला विणणें आणि नमदा करणें यांतील भेद एका क्षणांत कळेल. घरट्याचा धागा ओढला, तर तो वाटेनें उलगडतो. नमद्याला ओढण्यासारखा धागाच नसतो.

गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठणजवळ जायकवाडीचें धरण १९७६ सालीं पुरें झालें आणि त्याचा विस्तीर्ण नाथसागर १९८६ सालीं पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हिवाळ्यांत तेथें चक्रवाक येतात. संस्कृत काव्यांत रात्रीं विरह सोसणारें म्हणून जें जोडपें प्रसिद्ध आहे, तेंच हें नारिंगी अंगाचें बदक. त्याचीं घरटीं लडाख, तिबेट आणि मध्य आशियांत असतात. ज्या प्रदेशांतील कारागिरानें नमद्याचे हंस केले, त्या बाजूकडून येणारा हा पाहुणा दरसाल गोदावरीवर उतरतो. त्याची आकृति येथल्या लोकरींत उतरावी, यांत अस्वाभाविक असें कांहींच नाहीं.

एवढें सांगून झाल्यावर एक सावधगिरीचा शब्द सांगणें अवश्य आहे. अशा खेळण्यांनीं धनगराची सर्व लोकर खपेल, असें मानणें भोळेपणाचें होईल. एका टिटवीला दोन-चार तोळे लोकर लागते. शंभर मेंढ्यांच्या कळपाच्या लोकरीचा हिशेब मणांत होतो. ती लोकर खपावयाची, तर जाड नमदे, आसनें, जोड्यांचे तळवे, घराच्या छताखालीं घालण्याचे थर, अशा वस्तूंना गिऱ्हाईक मिळालें पाहिजे, आणि त्यांचा पैसा मधल्यामध्यें न जिरतां कातरणाऱ्या, पिंजणाऱ्या व मळणाऱ्या हातांपर्यंत पोंचला पाहिजे. तसेंच शहरांतल्या वर्गांत सुईकाम शिकविलें जात असतांना जेन मळणाऱ्या पिंजाऱ्याची विद्या मात्र कोणी विचारूं नये, हेंहि बरें नव्हे. सुई चाळीस वर्षांपूर्वीं हातांत आली. पिंजाऱ्याचें ज्ञान कित्येक शतकांचें आहे. लोकर किती पिंजावी, पाणी किती शिंपावें, वळकटी कधीं उलगडावी, हें त्याच्या बोटांना ठाऊक असतें आणि तें कोठेंहि लिहिलेलें नाहीं. तो माणूस गेला, कीं तें ज्ञान गेलें. पाझिरिकचे हंस बर्फांत टिकले. दख्खनच्या बुरणुसाला बर्फ नाहीं. येथील ऊन, कसर आणि वाळवी यांच्यांतून जुनें कांहीं उरत नाहीं. जें उरावयाचें, तें शिकणाऱ्याच्या हातांतच उरेल.

म्हणून सुईकामाचें महत्त्व खपापेक्षां शिक्षणाच्या बाजूनें अधिक आहे. एखाद्या गांवांतील मुलांनीं कातरणीच्या दिवशीं कळपापाशीं जावें, धनगराकडून लोकर योग्य किंमत देऊन घ्यावी, तींतील सराटे व कुसळें स्वतःच्या हातानें वेंचावीं, पिंजाऱ्याला ती कशी पिंजावयाची हें विचारावें आणि मग बांधावरची टिटवी पाहून ती करावी. एवढ्या कामांत मेंढी, माती, गवत, पांखरूं आणि मनुष्य यांचा संबंध जितका उमगतो, तितका धड्यांतून उमगत नाहीं. शिवाय ज्याला एका टिटवीसाठीं दोन तोळे लोकर निवडतां निवडतां संध्याकाळ झाली, तो बांधावर पडलेली पासरीभर लोकर ओलांडून जातांना क्षणभर तरी थांबेल. तिला भाव मिळवून देण्याचें पुढचें काम तेथून सुरू होतें.

दरसाल हिवाळ्यांत चक्रवाक नाथसागरावर उतरतात, आणि त्याच सुमारास मेंढरें काळ्या रानांत बसविलीं जातात. दोन्ही पाहुणे गोदातीराला जुने आहेत. एकाची आकृति आणि दुसऱ्याची लोकर एकत्र आणण्यास लागते ती एक सुई, आणि ती धरावयास शिकलेला हात.